फोटो एकाचा, माणूस दुसराच

गेल्या अंकात एका पत्राला उत्तर देताना जेक मॅडनचं नाव ओघात येऊन गेलं. स्कॉटलंडच्या जहाजगोदीत रिव्हेट (पत्रे जोडायचे खिळे) ठोकणारा कामगार, ग्लासगोच्या सेल्टिक या फुटबॉल क्लबचा सेंटर फॉरवर्ड, आणि १९०५ ते १९३० अशी सलग पंचवीस वर्षं प्रागच्या स्लाव्हिया क्लबचा प्रशिक्षक. सगळं मिळून आठ ओळी असतील, त्यातच नोकरीसाठी पाठवलेल्या एका फोटोची भानगड आणि प्रागला त्याच्या थडग्यावर मी गेलो होतो तेही आलेलं. त्यावर इतकी पत्रं आली की गुडघेदुखी, वयाचे दाखले आणि पावसाळ्यात कुठले बूट घ्यावेत हे नेहमीचे प्रश्न या वेळी बाजूला ठेवलेत. बुटांवाल्यांनी रागावू नये, पुढच्या वेळी तुमचंच आधी घेतो.

सर, मुंबई सिटीकडून खेळलेला ग्रेग स्टुअर्ट स्कॉटलंडचा. जमशेदपूरला लीगची शील्ड मिळवून देणारे ओवेन कॉयल पण तिकडचेच. आता तुम्ही हा मॅडन काढलात. एवढ्याशा देशाची माणसं जिथं तिथं कशी? — एक वाचक, मिरज

साधारण ५५ लाखांचा देश, बरोबर आहे तुमचं. पण फुटबॉलमध्ये पास देऊन खेळायचं असतं हे जगाला दाखवलं ते यांनी. ३० नोव्हेंबर १८७२ ला ग्लासगोत इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. इंग्लंडचे गडी वजनानं भारी, आणि त्यांचा खेळ म्हणजे ज्याच्याकडं बॉल त्यानं डोकं खाली घालून पळत सुटायचं, बाकीच्यांनी त्याच्या मागं. स्कॉटलंडचे अकराच्या अकरा जण क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे, एकत्र सराव करणारे. ते एकमेकांना बॉल देत खेळले. सामना शून्य-शून्य सुटला, पण हलक्या संघानं भारी संघाला अडवायचं कसं ते लोकांनी पाहिलं. पुढं इंग्लंडच्या क्लबांनी स्कॉटिश खेळाडू पैसे मोजून नेले, आणि त्यांना तिकडं गमतीनं ‘स्कॉच प्रोफेसर’ म्हणायचे.

दुसरं कारण पोटाचं. क्लाइड नदीकाठचा माणूस रेल्वे, जहाज, गिरणी यांतलं काही ना काही काम हातात घेऊन जगभर जायचा, आणि फुटबॉल त्याच्याबरोबर जायचा. जॉन हार्ले हा ग्लासगोचा गडी १९०६ साली अर्जेंटिनात रेल्वेच्या कामाला गेला, तिथनं उरुग्वेत पेन्यारोल क्लबात पोचला आणि थेट उरुग्वेच्या राष्ट्रीय संघातून खेळला. मधल्या फळीतल्या धिप्पाड सेंटर हाफची सवय असलेल्या त्या लोकांना बॉल जमिनीवर ठेवून वाटून देणारा हा माणूस आधी विचित्र वाटला, मग आवडला. आर्ची मॅक्लीन ग्लासगोजवळच्या पेझलीचा, कोट्स कंपनीचा माणूस. होय, तीच कोट्स, जिच्या दोऱ्याची रिळं आपल्या आयांच्या शिवणयंत्रावर असायची. १९१२ ला कंपनीच्या कामासाठी तो ब्राझीलला साओ पावलोला गेला आणि तिथं त्याच्या पळण्यावरून लोक त्याला ‘हरणाचं पाडस’ म्हणायला लागले. तुम्ही लिहिलेले कॉयलही पेझलीचेच.

आणि आपल्याकडं? १८८८ ला सिमल्यात पहिला ड्युरँड कप झाला, तेव्हा अंतिम सामन्यात दोन्हीकडं स्कॉटिश पलटणी होत्या. रॉयल स्कॉट्स फ्युजिलियर्सनी हायलँड लाइट इन्फंट्रीला २-१ नं हरवलं. तेव्हा स्टुअर्ट अंधेरीच्या मैदानावर आला तो काही पहिला नव्हे.

मी चाळीस वर्षं फौंड्रीत काढली. दिवसभर हातोडा मारणारा माणूस संध्याकाळी फुटबॉल खेळतो हे मला पटतं, पण देशासाठी खेळतो हे पटत नाही. जरा इस्कटून सांगा. — एक निवृत्त कामगार, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

काका, तुमच्या पत्रावर काळ्या अंगठ्याचा ठसा उमटलेला आहे, त्यामुळं तुम्हाला जपूनच उत्तर देतो.

मॅडन १८६५ साली डंबार्टनला जन्मला. आईबाप आयर्लंडहून पोटासाठी आलेले. डंबार्टन म्हणजे जहाजांचं गाव. चहा वाहणारं ते प्रसिद्ध शिडाचं जहाज कटी सार्क १८६९ ला तिथंच पाण्यात उतरलं, तेव्हा हे पोरगं चार वर्षांचं. मोठा झाल्यावर तो गोदीत रिव्हेटच्या कामाला लागला. हे काम तुम्ही पाहिलं असेल. एक पोरगा भट्टीत रिव्हेट लाल करून चिमट्यानं फेकणार, दुसरा ती पत्र्याच्या भोकात घालणार, एकजण आतून जड हातोडा टेकवून धरणार, आणि बाहेरून दोघं आलटून पालटून घाव घालणार. एक डावखुरा, एक उजवा, म्हणजे ताल चुकत नाही. रिव्हेट लाल आहे तोवर काम झालं पाहिजे. थंड झाली की काढून टाका आणि मजुरी बुडाली. आता तुम्हीच सांगा, एकमेकांच्या तालावर खेळायचं शिक्षण याहून चांगलं कुठं मिळतं? हे माझं मत झालं हं, इतिहासात लिहिलेलं नाही.

त्याच्या शॉटचा जोर बघून लोक त्याला ‘द रूटर’ म्हणायचे, म्हणजे मुळासकट उपटणारा. २८ मे १८८८ ला सेल्टिक क्लब आपला पहिलावहिला सामना ग्लासगोच्याच रेंजर्स क्लबाविरुद्ध खेळला आणि ५-२ नं जिंकला. त्यात सेंटर फॉरवर्डला हाच होता. सेल्टिक कशासाठी निघाला तेही ऐका. ग्लासगोच्या पूर्वेकडच्या वस्त्यांतल्या गरीब आयरिश पोरांच्या जेवणाचा खर्च भागवायला एका धर्मबंधूनं काढलेला हा क्लब. सेल्टिकनं १८९३, १८९४ आणि १८९६ ला लीग जिंकली तेव्हा मॅडन संघात होता. स्कॉटलंडकडून तो फक्त दोनदा खेळला, दोन्ही वेळा वेल्सविरुद्ध. १८९३ ला रेक्सममध्ये ८-० नं जिंकले, त्यात याचे चार गोल. दोन सामने, पाच गोल. त्यानंतर परत कुणी बोलावलं नाही. निवड समित्या तेव्हापासून तशाच आहेत.

पुढं डंडी, मग लंडनला टॉटनहॅम, आणि पाय थकल्यावर परत गोदी. तिशी उलटलेल्या खेळाडूला पेन्शन नव्हती, ॲकॅडमी नव्हती. हातोडा तेवढा होता.

फोटोची भानगड तुम्ही अर्ध्यावर सोडलीत. खरं खोटं काय ते एकदा सांगा. — एक वाचक, सातारा

सांगतो. स्लाव्हियाला स्कॉटिश प्रशिक्षक हवा होता. त्यांच्या मनात होता रेंजर्सचा जॉन टेट रॉबर्टसन, स्कॉटलंडचा नावाजलेला हाफ. त्यानं आधी हो म्हटलं म्हणतात, आणि मग तो १९०५ ला लंडनला नव्यानं निघालेल्या चेल्सीचा पहिला खेळाडू-व्यवस्थापक झाला. जाता जाता त्यानं ही जागा मॅडनला सुचवली. आता क्लबनं फोटो मागितलेला. मग कुणी म्हणतं, मॅडननं रॉबर्टसनचे कपडे घालून फोटो काढला. कुणी म्हणतं, रॉबर्टसनच्या फोटोतलं धड घेऊन त्यावर मॅडनचं मुंडकं चिकटवलं. प्रागच्या स्टेशनावर उतरलेल्या माणसाकडं आणि हातातल्या फोटोकडं बघणारे क्लबवाले डोळ्यांसमोर आणा.

मला ही गोष्ट जशीच्या तशी पटत नाही. ज्या माणसानं देशासाठी पाच गोल मारलेत, त्याला उसने कपडे कशाला लागतील? मात्र रॉबर्टसनच्या जागी हा गेला एवढं खरं, आणि बाकीचं स्लाव्हियाच्या लोकांनी वर्षानुवर्षं आवडीनं सांगितलेलं आहे. क्लबला स्वतःच्या फसवणुकीची गोष्ट इतक्या प्रेमानं सांगावीशी वाटते, यातच त्यांना माल कसा मिळाला ते आलं. रॉबर्टसन पुढं १९११ ला बुडापेस्टला एमटीके क्लबचा प्रशिक्षक म्हणून गेलाच. दोन वर्षं राहिला.

मी माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. त्या काळी ना व्हिडिओ, ना डाएट चार्ट. मॅडन शिकवायचा तरी काय? मला वापरता येईल असं काही असेल तर लिहा. — एक शिक्षक, गडहिंग्लज

या प्रश्नासाठी आधी जागा राखून ठेवली होती.

स्लाव्हिया हा मुळात विद्यार्थ्यांचा सायकलवाला क्लब, १८९२ ला स्थापन झालेला. फुटबॉल त्यांनी १८९६ ला सुरू केला. म्हणजे १९०५ च्या फेब्रुवारीत मॅडन तिथं पोचला तेव्हा खेळ दहा वर्षांचाही नव्हता. प्राग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात. पोरं शिकलेली, उत्साही, आणि बॉल दिसला की सगळी त्याच्यावर. तीन वर्षांनी, १९०८ ला, इंग्लंडचा संघ प्रागला येऊन बोहेमियाला, म्हणजे तेव्हाच्या चेक संघाला, ४-० नं हरवून गेला.

आपण क्रीडाशिक्षक तिथं गेलो असतो तर काय केलं असतं? फळ्यावर बाण काढले असते. मॅडननं सुरुवात केली अंगापासून. काय खायचं, किती झोपायचं, सामना झाल्यावर आंघोळ, गरम पाणी, गार पाणी, मालीश. मोडकं-मुरगळलं तो स्वतः बघायचा, जडीबुटीचे काढे-लेप त्याच्याकडं असायचे. जुन्या फोटोत तो दिसतो तो डोक्यावर गोल हॅट, तोंडात पाइप आणि चेहरा असा की कोण चुकलंय ते आधीच ठाऊक आहे. मी कोल्हापूरचा. लहानपणी तालमीच्या हौद्याशेजारी बसून मालीश बघितलेला. हा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा ‘प्रशिक्षक’ हा शब्द माझ्या डोक्यात आलाच नाही. हा वस्ताद! खुराक, मेहनत, मालीश, आणि पोरगं रात्री कुठं होतं याची बातमी. आमच्याकडं फुटबॉलचे संघही तालमींच्या नावानं खेळतात, त्यामुळं मला ते फार परकं वाटत नाही.

मग बॉल. आलेला बॉल पायाखाली मारून ठेवायचा, जमिनीवरून द्यायचा, आणि दिल्यावर उभं राहायचं नाही. शेवटच्या तीन शब्दांखाली रेघ मारा. आमची पोरं पास दिला की काम संपलं असं समजून कमरेवर हात ठेवतात, तुमचीही ठेवत असतील.

चेक फुटबॉलमध्ये एक शब्द आहे, ‘उलिच्का’. अर्थ लहानशी गल्ली. दोन बचावपटूंच्या मधनं, पळणाऱ्या गड्याच्या पुढ्यात सोडलेला पास म्हणजे उलिच्का, आणि चेक खेळाची ती ओळखच होऊन बसली. हा शब्द मॅडननं दिला असं मी म्हणत नाही. पण ज्या खेळात असा पास उगवतो तो खेळ स्कॉटलंडहून प्रागला कुणी नेला ते उघड आहे. मला कळल्यापासून मी पोरांना ‘थ्रू पास’ म्हणायचं सोडलं. ‘बोळातनं काढ’ म्हणतो. दोन भिडू उभे, मध्ये दोन हात जागा, तो बोळ. बॉल बोळातनं जाणार आणि आपला गडी बोळाच्या पलीकडच्या तोंडाला बाहेरनं पळत जाऊन उभा. बॉल सुटायच्या आधी बोळाच्या पलीकडं जायचं नाही, गेला तर ऑफसाइड. पेठेत वाढलेल्या पोराला हे एका दिवसात कळतं. करून बघा आणि कळवा.

आता निकाल. १९११ ला फ्रान्समध्ये रुबेला हौशी संघांची युरोपीय स्पर्धा झाली, तिथं बोहेमियानं अंतिम सामन्यात इंग्लंडला २-१ नं हरवलं. तो इंग्लंडचा मुख्य संघ नव्हता, बंडखोर हौशी संघटनेचा होता, हे सांगायला हवं, नाहीतर पुढच्या अंकात दहा पत्रं येतील. १९२५ ला चेकोस्लोव्हाकियाची पहिली व्यावसायिक लीग झाली, ती स्लाव्हियानं जिंकली. आणि मॅडनच्या शेवटच्या हंगामात, १९२९-३० ला, स्लाव्हियानं लीगमधले चौदाच्या चौदा सामने जिंकले. एकही बरोबरी नाही. पासष्टीला आलेला माणूस असा निवृत्त झाला.

तुम्हाला वापरता येईल असं विचारलंत. पंचवीस वर्षं एका जागी राहणं, हे एक आहे, पण ते तुमच्या हातात नाही, संस्थाचालकांच्या हातात आहे. मला एका संघानं दोन सामने हरल्यावर चहाच्या टपरीवर बोलावून ‘सर, तुम्ही आता विश्रांती घ्या’ म्हणून सांगितलं होतं. चहाचे पैसेही मीच दिले.

भाषा येत नसताना पंचवीस वर्षं? माझा मुलगा पोलंडला गेलाय, दोन वर्षं झाली, अजून दुकानात बोट दाखवून सामान घेतो. — एक आई, सांगली

ताई, मुलाला काही बोलू नका. मॅडनची चेक भाषा शेवटपर्यंत मोडकीच होती म्हणतात. अर्धं इंग्रजी, अर्धं चेक, त्यावर स्कॉटिश उच्चार. पोरं त्याची नक्कल करायची, आणि त्याचं ऐकायचीही. त्याला ती ‘द्येदेक’ म्हणायची, आपल्याकडं म्हाताऱ्याला लाडानं ‘म्हातारबा’ म्हणतात तसं. लग्न तिथल्याच बाईशी केलं, मुलगा तिथंच वाढला. परत स्कॉटलंडला राहायला गेला नाही. आता तुमचा मुलगा तिथंच राहील असं मी सुचवत नाही, भलता अर्थ काढू नका.

मी नववीत आहे. गोलकीपर आहे. सगळे म्हणतात माझी उंची कमी आहे. मॅडननं कुणी गोलकीपर तयार केला का? — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

केला, आणि कसला केला! फ्रांतिशेक प्लानिच्का. १९२३ ला स्लाव्हियात आला, तेव्हा एकोणीस वर्षांचा. उंची १७२ सेंटिमीटर, म्हणजे साधारण पाच फूट पावणेआठ इंच. पुरुष गोलकीपरमध्ये बुटकाच. पण असा झेपावायचा की त्याला ‘प्रागचं मांजर’ नाव पडलं. १९३४ च्या विश्वचषकात तो चेकोस्लोव्हाकियाचा कर्णधार होता. रोमला अंतिम सामना, समोर इटली, प्रेक्षकांत मुसोलिनी. दुसऱ्या हाफमध्ये पुचनं गोल मारून चेकोस्लोव्हाकियाला पुढं नेलं होतं, तो पुचही स्लाव्हियाचाच. इटलीनं बरोबरी केली आणि जादा वेळेत २-१ नं जिंकली. मॅडन तेव्हा निवृत्त होऊन चार वर्षं झालेली, पण त्याचा हात त्या संघावरून फिरलेला होता.

चार वर्षांनी १९३८ ला बोर्दोला ब्राझीलविरुद्ध प्लानिच्काचं हाताचं हाड मोडलं. तेव्हा बदली खेळाडू घ्यायची सोय नव्हती. तो तसाच उभा राहिला आणि सामना १-१ सुटला. तू असं काही करू नकोस, हाड मोडलं तर सरळ बाहेर ये. १९९६ पर्यंत जगला तो, ब्याण्णव वर्षांचा होऊन गेला. उंचीचं म्हणशील तर गोललाइनवर उभी राहू नकोस, दोन पावलं पुढं ये, तेवढ्यानं तुझी सहा इंच उंची वाढते. एखाद्या रविवारी सकाळी मैदानावर ये, दाखवतो. येताना आईला किंवा बाबांना घेऊन ये.

साहेबांचं कौतुक पुरे झालं. त्यांनी आपल्या खेळाडूला कधी दारात तरी उभं केलं का? — एक वाचक, पुणे

पत्रातली शाईसुद्धा लाल आहे. आधी दुरुस्ती. रिव्हेट ठोकणारा आयरिश मजुराचा पोर साहेब कधी झाला? त्याच्या स्वतःच्या गावात त्याला खालचाच समजत असतील.

दुसरं, दारात उभं केलं. सेल्टिकनंच केलं. १९३६ ला कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचा महंमद सलीम ग्लासगोला गेला आणि सेल्टिकच्या राखीव संघाकडून दोन सामने खेळला. बूट न घालता, पायाला पट्ट्या बांधून. जिमी मॅकमेनेमी गुडघ्यावर बसून त्याच्या पायाला पट्टी बांधतोय असा फोटो आहे. मॅकमेनेमी म्हणजे स्कॉटलंडकडून खेळलेला मोठा खेळाडू, तो एका अनवाणी भारतीय गड्याच्या पायाशी. गॅल्स्टनविरुद्ध सेल्टिक ७-१ नं जिंकलं, आणि वर्तमानपत्रांनी सलीमला ‘इंडियन जगलर’ करून टाकलं. क्लबनं थांबायला सांगितलं, याला घरची आठवण येत होती, हा परत आला.

आणि त्याला संघात घेणारा व्यवस्थापक कोण? विली मॅली. १८८८ च्या त्या पहिल्या सामन्यात मॅडनच्या मागं हाफला खेळलेला. एक गडी प्रागला जाऊन तिथंच राहिला, दुसऱ्यानं कलकत्त्याच्या गड्याला मैदानात उतरवलं, आणि दोघं एकाच मातीत पहिला सामना खेळलेले. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी रात्री साडेअकराला बायकोला उठवून सांगितली होती. तिनं काय उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

स्लाव्हियाचं सांगितलंत. स्पार्टावाल्यांनी काय केलं? की ते गप्प बसले? — एक वाचक, नागपूर

पेठेतल्या समोरच्या तालमीनं वस्ताद आणला तर आपण गप्प बसू का? स्पार्टा म्हणजे प्रागचाच दुसरा क्लब, त्यांनीही स्कॉटच आणला. जॉन डिक, ईगल्सहॅमचा, लंडनच्या वुलिच आर्सेनलचा जुना कर्णधार. आधी प्रागच्याच जर्मन क्लबात होता, १९१९ ला स्पार्टाकडं आला. त्याच्या हाताखालच्या संघाला ‘लोखंडी स्पार्टा’ म्हणायचे. दोन्ही क्लबांची मैदानं तेव्हा लेत्ना या एकाच माळावर. म्हणजे एका माळावर दोन स्कॉट, दोन हाडवैरी संघ, आणि त्यांच्याच खेळाडूंतून उभा राहिलेला देशाचा संघ. डिकवर सवडीनं लिहीन. स्लाव्हियाला मात्र पुढं लेत्ना सोडावं लागलं, कारण तिथं स्टालिनचा अजस्र पुतळा उभारायचा ठरला. पुतळा पुढं पाडला. मैदान काही परत मिळालं नाही.

तुम्ही प्रागला मॅडनच्या थडग्यावर गेला होता असं लिहिलंय. नारळ वगैरे फोडलात की काय? — तुमचाच एक माजी विद्यार्थी, सध्या मुक्काम नवी मुंबई

ओळखलं. अक्षर अजून तसंच आहे, आणि खोडीही.

मुलगी तिकडं नोकरीला होती, म्हणून २०१९ च्या शरदात गेलो. ओल्शानी हे प्रागचं मोठं दफनस्थान, मेट्रोच्या फ्लोरा स्टेशनातनं वर आलं की भिंत दिसते. मला वाटलं होतं अर्ध्या तासात उरकेल. आत शिरल्यावर बघतो तर सगळीकडं आयव्हीचे वेल, थडग्यांवरनं, झाडांवरनं, वाटांवरनं, आणि एकासारखी एक गल्ली. पहिल्या दिवशी तास-दीड तास फिरून पायाचे तुकडे पडले, अंधारायला लागलं, राखणदारानं घड्याळ दाखवून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी मुलीनं रजा टाकली आणि आधी कचेरीत चौकशी केली. माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. शिक्षकाला विचारायची सवय नसते.

१७ एप्रिल १९४८ ला मॅडन गेला, ब्याऐंशी वर्षांचा होऊन. त्याआधी दोनच महिने तिथं कम्युनिस्टांनी सत्ता घेतली होती. साम्राज्य, प्रजासत्ताक, नाझी, पुन्हा प्रजासत्ताक, आणि शेवटी हे, इतकं सगळं त्या एका शहरात बसून बघितलं त्यानं. त्याची शवपेटी स्लाव्हियाच्या खेळाडूंनी क्लबचे लाल-पांढरे कपडे घालून वाहिली.

आम्ही गेटवरच्या दुकानातून लाल काचेचा दिवा घेतला होता, तिथं तीच पद्धत आहे. काडेपेटी दोघांकडंही नव्हती. शेजारच्या थडग्यावरची पानं झाडत बसलेल्या एका आजीबाईंकडं मुलीनं लायटर मागितला. त्यांनी दिवा लावून दिला, वाकून नाव वाचलं आणि मुलीला काहीतरी बोलल्या. मी विचारलं काय म्हणाल्या. मुलगी म्हणाली, ‘त्यांच्या घरचे सगळे स्पार्टाचे आहेत, पण दिवा लावायला काही हरकत नाही म्हणाल्या.’

थोडक्यात

इस्लामपूरचे वाचक: नाही, मॅडन कधीच भारतात आला नव्हता. तुमच्या आजोबांनी पाहिलेला दुसरा कुणी तरी असेल.

‘पावसाळी बूट’वाले: रबरी खिळ्यांचे घ्या. बाकीचं पुढच्या अंकात.